टॉवरवरून सांगितलेलं मरण

२८ डिसेंबर २०२५, रविवार

टक् टक्. मग एक लांब फुंकर. मग घसा खाकरल्याचा आवाज. आणि मग अख्ख्या बोरटेकवर, वेशीपासून पार तांड्यापर्यंत — "आयका हो आयका, समद्यायनं आयका..."

आज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या हे सगळं जसंच्या तसं कानात आलं. उठून बसलो तर सून निकिता ओट्याशी मिक्सर लावून उभी. कुठला आवाज कुठे जाऊन मिळाला!

कारण कालचं आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका वर्षाराणी मॅडम संध्याकाळी घरी आल्या होत्या. गावातला जुना टॉवर दुरुस्त होतोय. खाली बगीचा, वर कठडा आणि दुर्बीण. लोक वर चढतील, अडाण नदीचं पाणी पाहतील, फोटो काढतील. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. पायथ्याशी एक फलक लागणार — टॉवरचा इतिहास. तो मी लिहावा असं सगळ्यांचं म्हणणं. "तुमची भाषा छान आहे काकाजी, आणि तुम्ही तो काळ पाहिलाय."

पाहिलाय म्हणजे! तिसरीत होतो तेव्हा दगड रचताना पाहिलाय. खळ्यावरच्या गंज्यांना दर उन्हाळ्यात आग लागायची, म्हणून वर बसून पहारा द्यायला तो बांधला. नंतर ग्रामपंचायतीचा रेडिओ आला, तेव्हा वर चार दिशांना चार कर्णे बसवले. खालच्या खोलीत रेडिओ आणि माइक, वर पहारा. आणि दोन्हीला माणूस एकच — तांड्यावरचा फुलसिंग. वर जाऊन बघायचा, खाली येऊन सांगायचा. धूर कोणत्या बाजूला, कुणाची गाय कोंडवाड्यात, लस टोचणारा डॉक्टर कधी येणार, कोण वारलं, माती किती वाजता.

फलकावर पहिलं नाव त्याचंच. त्यात विचार कसला.

३० डिसेंबर

काल दिवसभर लिहिलं. गद्यात बसेना. शेवटी कवितेतच उतरलं —

उभा मनोरा गावामाजी
जागा राही सकळांसाठी
निजली घरटी, निजल्या वाटा
दोन डोळे त्या माथ्यावरती

अशी आठ कडवी. चाल आमच्या चौथीच्या पुस्तकातल्या नदीच्या कवितेची. मॅडमना फोनवर म्हणून दाखवली. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाल्या, "खूपच सुंदर. पण काकाजी, फलक चार बाय सहाचा आहे. गद्यात द्या, आणि सन लिहा."

सन! तिसरीत होतो एवढं पक्कं, नेमका सनच तर आठवत नाही.

१ जानेवारी २०२६

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी डोक्याचा भुगा. राजूभाऊच्या हॉटेलात चहा घ्यायला गेलो होतो. सहज विचारलं, टॉवर कधी बांधला रे? बस्स. जो तो इतिहासकार.

राजूभाऊ म्हणाला, टीव्हीसाठी बांधला, त्याच्या बापानं अँटेना वर बांधलेला त्यानं स्वतः पाहिलाय. एकजण म्हणाला, लांडग्यांसाठी. दुसरा म्हणाला, निजामाच्या वेळचा आहे. मी म्हटलं, बाबा, इथं निजाम कुठला? तर तो म्हणाला, होता, तुमाले नाई माईत. मोबाइल कंपनीनं बांधला असं म्हणणारंही एक पोरगं निघालं. त्याला कोणी रागावलंसुद्धा नाही.

फुलसिंगचं नाव घेतलं तर राजूभाऊ कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "कोन फुलसिंग? रेडिओ बोले ना काकाजी वरतून. मानूस कायले बोलन?"

राजू साठीचा आहे. त्याच्या लहानपणी कर्णे फक्त गणपतीत वाजायचे. त्याला ठाऊक नसणारच. पण तिथे एक माझ्याच वयाचा माणूस होता. फुलसिंगचं नाव निघताच तो अर्धा चहा टाकून उठला आणि निघून गेला. का गेला?

३ जानेवारी

आज बसून नेमकं लिहायला घेतलं. 'या टॉवरचे पहिले पहारेकरी व निवेदक कै. फुलसिंग...'

कै. लिहिलं आणि हात थांबला. तो दिवस समोर उभा राहिला.

मी अकरावी झालो होतो — तेव्हाची मॅट्रिक. बाबांची बदली झाली म्हणून आम्ही बोरटेक सोडून चाललो होतो. बाजेपासून पाट्यावरवंट्यापर्यंत सगळं सामान बसच्या टपावर. मी खिडकीशी. फुलसिंगभाऊंना भेटून यायचं होतं, पण ते आजारी, अकोल्याला नेलंय असं कळलेलं. चौथीत असताना याच माणसानं मला स्टुलावर उभं करून माइकवर कविता म्हणायला लावली होती. घराघरातून लोकांनी ऐकली. त्या दिवशी मला कळलं की पुस्तकातली ओळ हवेतून जाऊ शकते.

बस सुटता सुटता टॉवरवरून आवाज आला. "आयका हो आयका. तांड्यावरचा फुलसिंग वारला. माती आज तीन वाजता."

आई पदर तोंडाला लावून रडली. बस निघाली. मी मागे वळून टॉवर लहान होताना पाहत राहिलो. नंतर आम्ही चंद्रपूरला, मग माझी एस.टी.ची नोकरी, वाहतूक नियंत्रक. जन्मभर स्टँडवर माइकवर गाड्या सांगितल्या. लोक म्हणायचे, साहेब काय आवाज आहे तुमचा. तो माझा नव्हताच. फुलसिंगचा होता, मी वापरत होतो. बायको गेल्यावर तीन वर्षांपूर्वी परत आलो, मुलाकडे, याच गावात. सगळं खरं आहे, सगळं माझ्यासमोर घडलेलं आहे.

फक्त एक गोष्ट आज पहिल्यांदा लक्षात आली आणि पेन खाली ठेवावा लागला. ती मरणाची दवंडी कुणी दिली? आठवतो तो आवाज फुलसिंगचाच आहे. तोच. थोडा खोल गेलेला, पण तोच.

माणूस स्वतःच्या मरणाची बातमी स्वतः कशी सांगेल?

४ जानेवारी

पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. तोच आवाज.

६ जानेवारी

निकिताला सांगायला नको होतं. तिनं हरीओमला सांगितलं. माझा मुलगा तसा शांत. जेवताना पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "बाबा, तुमाले आजकाल अजून काय काय आयकू येते?"

मी म्हटलं, आजकाल नाही रे, तेव्हाचं सांगतोय. तर म्हणाला, तेच ते. अकोल्याला एक चांगले डॉक्टर आहेत म्हणे. दाखवून येऊ. निकिता म्हणाली, नुसतं दाखवायचं आहे बाबा, कोणी ठेवून घेत नाही.

त्यांच्या डोळ्यांत काळजी होती. राग नाही आला. पण खोलीत येऊन सगळ्या शाळेच्या कविता मनातल्या मनात म्हणून पाहिल्या. पहिलीपासून. एकही कडवं चुकलं नाही. मग मीच घाबरलो. कविता एवढ्या पाठ आहेत — त्यातलीच एखादी मी फुलसिंगवर चढवली तर नाही? सातवीला एक विलापिका होती. त्यातला मेलेला राजपुत्र आईशी बोलतो. तिथून तर आलं नसेल हे?

म्हणजे फुलसिंग होता की नव्हता? स्टूल होतं की नव्हतं?

८ जानेवारी

तांड्यावर जाऊन आलो. चालतच गेलो. तुरी कापून झाल्या, शेतं मोकळी, वाऱ्याला काही अडवायला नाही. अर्धी घरं कुलपात. माणसं ऊस तोडायला गेलेली, सांगली-कोल्हापूरकडे. अंगणात म्हातारी माणसं, कोंबड्या, शाळेतली पोरं.

अमरसिंग तांड्याचे नाईक. माझ्याहून मोठे. त्यांनी बाज दिली, पाणी दिलं, पाडव्याला माणसं परत येतील वगैरे सांगितलं. मी फलकाचं सांगितलं. खूश झाले. तांड्याचं नाव येईल का विचारलं. मी म्हटलं, येणारच, पहिलं नाव फुलसिंगभाऊंचं.

 त्यांनी हातानं जमिनीवर काहीतरी पुसल्यासारखं केलं.

"ते नाव नका काढू."

मी म्हटलं, का? होते की नव्हते ते?

"होते."

वारले ना?

अमरसिंगांनी माझ्याकडे पाहिलं. "टावरवरून सांगतलं ना तसं. सांगतलं म्हनजे झालं."

मी विचारलं, कुणी सांगितलं टॉवरवरून? कोणाचा आवाज होता? ते उठले, म्हणाले म्हैस सोडायची आहे. म्हैस तर समोर बांधलेली होती आणि ती शांतपणे खात होती.

 एक बरं झालं — होते म्हणाले. म्हणजे स्टूल होतं.

९ जानेवारी

होते, पण नाव काढायचं नाही. वारले, पण कुणी सांगितलं ते सांगायचं नाही. हा कसला इतिहास!

११ जानेवारी

आज बाजाराचा दिवस. मेथी घेत होतो, शेजारी गोमतीबाई उभी. भाजीवालीनं नावानं हाक मारली म्हणून आज ओळखली — फुलसिंगभाऊंची बायको. लहानपणी मी तिला टॉवरच्या पायरीवर डबा घेऊन बसलेली पाहिलेली. आता कंबर वाकली आहे, पण लुगडं, गळ्यातलं चांदीचं, सगळं नीट. आणि दंडात पांढरे चुडे.

चुडे! तांड्यात नवरा गेल्यावर दंडातले चुडे काढतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तीन वर्षं हिला येता-जाता पाहतोय, हे कधी लक्षात कसं आलं नाही?

मी म्हटलं, भाभी, मी रामराव. फुलसिंगभाऊंच्या फलकाचं...

पुढचं बोलूच दिलं नाही. भर बाजारात तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. खरबरीत, मेथीच्या मातीचा हात. आजूबाजूच्या बाया हसल्या. ती नाही हसली. हात काढला, इकडे-तिकडे पाहिलं, पिशवीतली चिमूटभर माती माझ्यावरून ओवाळून टाकली आणि गेली.

राजूभाऊ लांबून पाहत होता. आता महिनाभर मला सोडणार नाही.

१२ जानेवारी

"काय काकाजी, ह्या वयात?" — राजूभाऊ. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

१६ जानेवारी

संक्रांत झाली आणि आज अकोला. डॉक्टर तरुण, हसरा. मला घड्याळ काढायला लावलं. आजची तारीख, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा. मग पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. मी सांगितले, त्यांची कविताही करून सांगितली. हरीओमनं डोळे मिटून घेतले.

शेवटी डॉक्टर म्हणाला, आजोबांची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. मग मी त्याला ती दवंडी विचारली. त्यानं पेन बाजूला ठेवून ऐकलं. म्हणाला, लहानपणीच्या दुःखात असं होतं, दोन आठवणी एकात एक मिसळतात. त्याचा आवाज आणि त्याचं मरण, दोन्ही एकाच भोंग्यातून आलेलं. मेंदूनं जोडून टाकलं.

पटलं. खरंच पटलं. येताना बसमध्ये हरीओमनं शेंगदाणे सोलून माझ्या हातावर ठेवले, लहानपणी मी त्याला द्यायचो तसे. सुटल्यासारखं वाटलं. पण का कोण जाणे, वाईटही वाटलं. त्या आवाजातली शेवटची दवंडी माझ्याकडे होती. आता तीही नाही.

मॅडमचा निरोप: फलकाचा मजकूर एकवीसपर्यंत द्या, रंगारी पंचवीसला सकाळी लिहायला बसेल.

१८ जानेवारी

आज जे ऐकलं ते क्रमानं लिहून ठेवतो. नाहीतर उद्या हेही मीच रचलं असं वाटायचं.

सकाळी मंजू आली, गोमतीबाईची नात. बारावीला आहे. म्हणाली, आजीनं बोलावलं, पण एकटे या. गेलो. गोमतीबाई दाराशीच बसली होती. मला आत घेतलं, मंजूला चहा ठेवायला सांगितलं.  मग म्हणाली, त्या दिवशी बाजारात हात लावला, त्याचं मनावर घेऊ नका. तुमी नाव घेत होते. नाव घेतलं की तो आयकते.

मी विचारलं, कोण?

तिनं वर बोट दाखवलं. मग दक्षिणेला. यम.

तेव्हाचं सांगत गेली. माणूस अकोल्याहून परत पाठवला होता, पोटात पू झालेला, डॉक्टर म्हणाले घरी न्या. अंगात ताप, शुद्ध येऊन जाऊन. अमरसिंगांची आई तेव्हा तांड्यात सगळ्यात म्हातारी. ती म्हणाली, कुणाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. हे तर आपण सगळेच म्हणतो, हसत म्हणतो. ती हसत म्हणाली नाही. म्हणाली, मरण निघालंच आहे तर त्याला एकदा हिशेबात घेऊन टाका. गावभर सांगा, माती करा, रडा. येणारा रिकाम्या हातानं परत जाईल. पण कुजबुजीनं नाही. टॉवरवरून. टॉवरवरून सांगितलं ते या गावात कधी खोटं निघालं नव्हतं.

सरपंच तयार झाले. पण सांगायचं कुणी? जिवंत माणसाचं मरण स्वतःच्या जिभेवर कोण घेईल? सरपंच नाही म्हणाले, त्यांना लेकरं होती. शाळेतले गुरुजी नाही म्हणाले. बायकोनं तर कसं सांगावं?

 मंजूनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

"तेच म्हन्ले, मीच सांगतो. माह्यं कामच हाये."

बैलगाडीत घोंगडीत गुंडाळून आणलं. टॉवरखालच्या खोलीत दोघांनी धरून बसवलं. अमरसिंगांनी माइक तोंडाशी धरला. स्वतःचं मरण स्वतः सांगितलं, मातीची वेळही सांगितली आणि तिथंच कोसळला. कडब्याची मोळी धोतरात गुंडाळून तिरडीवर घातली. सगळं गाव मातीला गेलं, सगळं गाव रडलं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही खरंच रडले, कारण कुणालाच वाटत नव्हतं तो वाचेल.

वाचला.

 डॉक्टर चुकला होता, मी बरोबर होतो. साठ वर्षं मी जे ऐकलं ते अक्षरशः तसंच होतं. आणि त्या आवाजात मी जे मरण ऐकलं तेवढं मात्र खोटं.

मी विचारलं, मग ते आता? तिनं दंडातले चुडे नुसते हलवले.

जिवंत आहे. नातू नवीनसोबत कोल्हापूरकडे, ऊसतोड्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, लेकरं सांभाळतो, बैलांना चारा टाकतो. पाडव्याला येईल. फुलसिंग नावाचा माणूस त्या दिवशी गेला. उरला त्याला तांड्यानं भाऊसिंग म्हटलं. भाऊसिंग! पावसाळ्यात हॉटेलासमोरच्या पारावर बसलेला तो म्हातारा मी तीनदा-चारदा पाहिलेला आहे. कधी शब्द बोलल्याचं आठवत नाही.

"बोलन कसा," गोमतीबाई म्हणाली. "आवाज फुलसिंगचा होता ना. माइकले त्यानं पुन्हा हात नाई लावला. मेलेला मानूस कसा सांगन कोनाची गाय कुठं हाये?"

टॉवरचं काम गेलं. पुढल्याच दिवाळीनंतर दोघांनी ऊसतोडीची वाट धरली, ती आजतागायत.

निघताना तिनं माझे दोन्ही हात धरले. "लिहू नका. दगडावर लिहिलं तं त्याले दिसन. मी तुमच्या पाया पडतो." आणि खरंच वाकली. माझ्याहून मोठी बाई. मी तिला कसंबसं उठवलं आणि शब्द दिला.

१९ जानेवारी

मी असलं काही मानत नाही. एस.टी.त एवढी वर्षं काढली, तेरा तारखेच्या अमावस्येला गाड्या सोडल्या.

पण माझ्या एका ओळीनं ती बाई रोज सकाळी उठून आधी फोन लावील आणि विचारील — आहे का?

२० जानेवारी

दिवसभर मजकूर घेऊन बसलो. नाव घातलं, काढलं. नाव न घालता टॉवरचा इतिहास म्हणजे दगड, चुना आणि कर्णे. नाव घातलं तर शब्द मोडला.

उलटही वाटतं. त्याला आयुष्य मिळालं आणि आवाज गेला. बदल्यात ऊस. हा सौदा त्याला कुणी विचारून केला का? ताप होता तेव्हा तो हो म्हणाला. नंतरची साठ वर्षं तो काय म्हणत असेल? आणि मी तिकडे चंद्रपूरला त्याचाच आवाज काढून पगार घेत होतो. त्याला कळलं तर हसेल की रागावेल?

निकिता दारातून डोकावून गेली. म्हणाली, बाबा, आज कविता म्हणून नाही राह्यले? तब्येत बरी आहे ना?

२१ जानेवारी

मजकूर दिला. 'गंज्यांच्या आगीवर लक्ष ठेवण्यासाठी हा टॉवर गावकऱ्यांनी श्रमदानाने बांधला. तांड्यावरील एक पहारेकरी वरून गाव पाहत असे व खालून गावाशी बोलत असे. त्याच्या शब्दावर गावाचा विश्वास होता.'

मॅडमनी विचारलं, नाव नाही? मी म्हटलं, आठवत नाही.

त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, नंतर आठवलं तर शेवटच्या ओळीत जागा ठेवायला सांगते रंगाऱ्याला.

हरीओमनं हे ऐकलं. घरी येताना माझा दंड धरून रस्ता ओलांडला. त्याला वाटतं मी आता विसरायला लागलो. वाटू दे.

२३ जानेवारी

टॉवरवर चढून आलो. रंगाचा वास. पायऱ्या जुन्याच आहेत, मधोमध झिजलेल्या. वरून तांडा दिसतो, गोमतीबाईच्या घरासमोर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा. एवढं सगळं दिसत असताना त्यानं साठ वर्षं खाली कशी काढली?

२४ जानेवारी, शनिवार

दुपारी दार वाजलं. निकिता म्हणाली, कोणीतरी म्हातारं आहे, तुम्हालाच विचारतंय. उंच, वाळलेला, डोक्याला मफलर, पायात पोराच्या मापाचे बूट. मंजूनं फोनवर फलकाचं सांगितलं म्हणे, आणि हा कोल्हापूरहून एकटा निघाला. रात्रभर बसमध्ये. तांड्यावर अजून गेला नव्हता, आधी इथे आला.

चौकट धरून उभा राहिला. धाप थांबेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "मी फुलसिंग."

मोठ्यानं म्हणाला. समोरच्या घरातली माणसं दारात आली.

"ऊस भाऊसिंगनं तोडला. टावरवर मी होतो. लिही माह्यं नाव. यम येते तं येऊ दे, त्यालेही लई दिवस झाले."

मी आत या म्हटलं. आले. आता निकिता वाढतेय, ते जेवतायत. रंगारी उद्या सकाळी येईल. गोमतीबाईला निरोप कोण देणार, आणि काय म्हणून?